२०१९ चा कृष्णा–पंचगंगा खोऱ्यातील महापूर

२०१९ चा कृष्णा–पंचगंगा खोऱ्यातील महापूर ही ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या कोल्हापूर, सांगली व सातारा जिल्ह्यांत आणि लगतच्या उत्तर कर्नाटकात उद्भवलेली नैसर्गिक आपत्ती होय. कृष्णा, पंचगंगा, वारणा, कोयना व दूधगंगा या नद्यांना एकाच वेळी आलेल्या पुरामुळे कोल्हापूर व सांगली ही शहरे आणि नदीकाठची शेकडो गावे अनेक दिवस पाण्याखाली राहिली. पुणे महसूल विभागात पन्नासहून अधिक व्यक्ती मृत्युमुखी पडल्या आणि चार लाखांहून अधिक लोकांना सुरक्षित स्थळी हलवावे लागले. शहरी भागातील हानी प्रसारमाध्यमांतून ठळकपणे पुढे आली. तथापि ऊस, दुग्धव्यवसाय व शेतमजुरी यांवर अवलंबून असलेल्या ग्रामीण समाजावर या पुराचे परिणाम अधिक दूरगामी ठरले.

## भौगोलिक पार्श्वभूमी

कृष्णा व तिच्या पश्चिमेकडील उपनद्या सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावतात. या पट्ट्यातील गगनबावड्यासारख्या ठिकाणी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेला काही अंतरावर असलेल्या शिरोळ तालुक्यात हेच प्रमाण सुमारे पाचशे ते सहाशे मिलिमीटर असते. त्यामुळे पूर्वेकडील गावांत पाऊस नसतानाही नदीला पूर येऊ शकतो. घाटमाथ्यावरून वेगाने उतरलेले पाणी सपाट प्रदेशात आल्यावर संथ होते, नदी वळणे घेत वाहू लागते आणि पात्राबाहेर दूरवर पसरते.

कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या नद्यांच्या संगमातून प्रयाग चिखली येथे पंचगंगा तयार होते. पुढे ती नृसिंहवाडी (नरसोबाची वाडी) येथे कृष्णेला मिळते. वारणा नदी सांगलीजवळ हरिपूर येथे, तर येरळा नदी ब्रह्मनाळ येथे कृष्णेस मिळते. मुख्य नदी तुडुंब भरलेली असताना उपनद्यांचे पाणी तिच्यात सामावत नाही व ते मागे साचू लागते. या क्रियेस फुगवटा असे म्हणतात. संगमाजवळची गावे म्हणूनच प्रत्येक मोठ्या पुरात प्रथम वेढली जातात व त्यांतील पाणी सर्वांत शेवटी ओसरते.

या खोऱ्याच्या महाराष्ट्रातील भागात कोयना (१०५.२५ अब्ज घनफूट), वारणा (३४.४० अब्ज घनफूट), दूधगंगा (२५.४० अब्ज घनफूट) आणि राधानगरी (८.३६ अब्ज घनफूट) ही प्रमुख धरणे आहेत. खालच्या बाजूस कर्नाटकात हिप्परगी बंधारा व अलमट्टी धरण आहे. कोल्हापूर येथे राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी मोजली जाते. तेथील इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट आहे. सांगलीतील आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट व धोका पातळी ४५ फूट मानली जाते.

## कारणे

पुरामागे अनेक कारणे एकत्र आली होती. जुलैच्या अखेरीपासून घाटमाथ्यावर व धरणांच्या पाणलोट क्षेत्रांत सलग मुसळधार पाऊस झाला. तोपर्यंत बहुतेक धरणे भरत आली होती. नवे येणारे पाणी साठविण्यास जागा उरली नसल्याने विसर्ग वाढवावा लागला; कोयना धरणातून एका टप्प्यावर लाखाहून अधिक घनफूट प्रतिसेकंद वेगाने पाणी सोडण्यात आले. धरणांच्या खालच्या मुक्त पाणलोट क्षेत्रातील पाऊसही त्याच वेळी नद्यांत उतरत होता.

मानवनिर्मित घटकांनी पुराची तीव्रता वाढविली. पूररेषेच्या आत झालेली बांधकामे, ओढे व नाले बुजविणे, नदीपात्रात साचलेला गाळ, तसेच पुरेशा मोऱ्या न ठेवता उभारलेले रस्त्यांचे व पुलांचे भराव यांमुळे पाण्याच्या नैसर्गिक वाटा अडल्या. पाटबंधारे विभागाच्या नियमांनुसार साधारणतः २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा निळ्या रेषेने व १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा लाल रेषेने दर्शविली जाते. निळ्या रेषेच्या आतील क्षेत्र बांधकामास निषिद्ध असते. अनेक जुनी गावठाणे मात्र ही रेषा आखली जाण्यापूर्वीपासूनच नदीकाठी वसलेली आहेत.

## घटनाक्रम

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पंचगंगा व कृष्णा या दोन्ही नद्यांनी धोका पातळी ओलांडली. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ५५ फुटांवर, तर आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. दोन्ही ठिकाणी २००५ च्या महापुरातील पातळी मागे पडली. शिरोली पुलाची येथे पुणे–बंगळूर राष्ट्रीय महामार्ग पाण्याखाली गेल्याने सुमारे आठवडाभर बंद राहिला व हजारो मालमोटारी रस्त्यावर अडकून पडल्या. मिरज–कोल्हापूर रेल्वेमार्गावरील वाहतूकही खंडित झाली. कोल्हापूर शहराला इंधन, भाजीपाला व पिण्याच्या पाण्याची टंचाई जाणवू लागली.

कोल्हापूर जिल्ह्यात करवीर तालुक्यातील चिखली व आंबेवाडी, तसेच शिरोळ, हातकणंगले व कागल तालुक्यांतील नदीकाठची गावे बाधित झाली. शिरोळ तालुक्यात कृष्णा, पंचगंगा, वारणा व दूधगंगा या चारही नद्यांचे पाणी एकवटत असल्याने तेथील हानी विशेष मोठी होती. सांगली जिल्ह्यात मिरज, पलूस, वाळवा व शिराळा हे तालुके पुराच्या तडाख्यात सापडले. त्याच काळात याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील जत व आटपाडी तालुक्यांतील काही गावांना टँकरने पिण्याचे पाणी पुरविले जात होते.

### ब्रह्मनाळ दुर्घटना

८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून ग्रामस्थांना बाहेर काढणारी बोट उलटली. बोटीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे बसलेली होती. या दुर्घटनेत १७ जणांना प्राण गमवावे लागले. मृतांत स्त्रिया व बालके यांचा समावेश होता. शासकीय पथके पोहोचण्यापूर्वी गावांना उपलब्ध साधनांवरच अवलंबून राहावे लागते, ही बाब या घटनेने अधोरेखित केली. सुस्थितीतील बोटी, पुरेशी जीवरक्षक जाकिटे व प्रशिक्षित चालक गावपातळीवर असावेत, ही मागणी त्यानंतर सातत्याने होऊ लागली.

## ग्रामीण समाजावरील परिणाम

### ऊस व इतर पिके

कोल्हापूर व सांगली हे सहकारी साखर कारखानदारीचे जिल्हे असून नदीकाठच्या मळीच्या जमिनीत प्रामुख्याने ऊस घेतला जातो. ऊस काही काळ पाण्यात तग धरतो. शेंडा पाण्याबाहेर राहिल्यास नुकसान मर्यादित असते. मात्र संपूर्ण पीक बुडाल्यास पोंग्यात पाणी व गाळ शिरून वाढीचा कोंब कुजतो. अशा उसाला कांड्यांवर मुळ्या व पांगशा फुटतात, तो पोकळ होतो आणि त्याचे वजन व साखर उतारा दोन्ही घटतात. जुलै–ऑगस्टमध्ये लावलेल्या आडसाली उसाचे बेणे जमिनीतच कुजले. तोडणीस आलेला ऊस हातचा गेल्यावर त्याच्या खोडव्याचे उत्पन्नही बुडाले. एका पुराचा फटका अशा प्रकारे दोन हंगामांना बसला.

महाराष्ट्रातील साखर उत्पादन २०१८–१९ च्या हंगामातील सुमारे १०७ लाख टनांवरून २०१९–२० मध्ये सुमारे ६२ लाख टनांपर्यंत खाली आले. मराठवाडा व सोलापूर भागातील दुष्काळ आणि पश्चिम महाराष्ट्रातील महापूर ही या घटीची दोन प्रमुख कारणे होती.

उसाखेरीज सोयाबीन, भुईमूग, भात, हळद व भाजीपाला या पिकांचीही हानी झाली. आठ ते दहा दिवस पाण्याखाली राहिलेले सोयाबीन व भुईमूग पूर्णतः कुजले. घरात साठविलेले धान्य, बियाणे व खतेही भिजून वाया गेली, त्यामुळे पुढील रब्बी हंगामासाठी सर्व निविष्ठा नव्याने विकत घ्याव्या लागल्या. पुरामुळे पारंपरिक साठवणुकीची पद्धत मोडीत निघाल्याचे उदाहरण या भागात पूर्वीही घडले होते: हरिपूर येथील हळद साठविण्याची जमिनीखालील प्रसिद्ध पेवे २००५ च्या महापुरात पाणी शिरून निकामी झाली.

### जमीन व सिंचन व्यवस्था

पुराचे परिणाम जमिनीवर दोन विरुद्ध प्रकारे झाले. काठालगतची सुपीक माती काही ठिकाणी खरवडून गेली व बांध फुटले, तर सखल शेतांत गाळाचा थर साचला. दीर्घकाळ पाणी साचून राहिल्याने निचऱ्याचा प्रश्न बिकट झाला. शिरोळ व मिरज तालुक्यांतील मोठे क्षेत्र अतिसिंचनामुळे आधीच क्षारपड झालेले होते. अशा जमिनीत वाफसा येण्यास अनेक महिने लागले.

नदीकाठची शेती उपसा सिंचनावर चालते. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडी शेतकरी आपल्या मोटारी काठावरून वर नेऊन ठेवतात. परंतु २०१९ मध्ये पाणी नेहमीच्या खुणांच्या कितीतरी वर चढल्याने सुरक्षित समजल्या गेलेल्या जागीही मोटारी बुडाल्या. जॅकवेल, नलिका, विजेचे खांब व रोहित्रे यांचे नुकसान झाले. सहकारी पाणीपुरवठा संस्थांच्या योजना बंद पडल्याने पूर ओसरल्यानंतर वाचलेल्या पिकांनाही पाणी देता आले नाही.

### पशुधन व दुग्धव्यवसाय

या भागातील अल्पभूधारक कुटुंबांचा रोजचा खर्च दुधाच्या उत्पन्नावर चालतो. ऊसबिल वर्षातून एकदोनदा मिळते, तर दूधबिल साधारणतः दर दहा दिवसांनी हाती येते. पुरात वैरण व कडब्याच्या गंजी वाहून गेल्या आणि गोठे कोसळले. अनेकांनी घर सोडताना जनावरांची दावी सोडून त्यांना मोकळे केले. काहींनी त्यांना घराच्या वरच्या मजल्यावर किंवा गच्चीवर चढविले. जनावरे मागे सोडावी लागतील या भीतीने कित्येक कुटुंबांनी वेळेत स्थलांतर करण्यास नकार दिला. पुढील काळातील पूर व्यवस्थापनात जनावरांसाठी स्वतंत्र छावण्या व चारा यांची व्यवस्था आवश्यक मानली गेली, त्यामागे हा अनुभव होता.

रस्ते बंद झाल्याने ‘गोकुळ’ या नावाने परिचित असलेल्या कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघासह अनेक संघांचे संकलन विस्कळीत झाले व मुंबई–पुण्याच्या दूधपुरवठ्यावर परिणाम झाला. ज्या गावांत पाणी शिरले नव्हते, तेथील उत्पादकांचेही उत्पन्न त्यामुळे थांबले. पुरानंतर मृत जनावरांची विल्हेवाट आणि वाचलेल्या जनावरांचे लसीकरण हे ग्रामपंचायती व पशुसंवर्धन विभागापुढील तातडीचे काम होते.

### घरे व गावठाणे

दगड–मातीच्या व कच्च्या विटांच्या भिंती पाण्यात अनेक दिवस भिजल्याने त्यांपैकी कित्येक घरे पूर असताना नव्हे, तर पाणी ओसरून ऊन पडू लागल्यावर कोसळली. अंशतः पडझड झालेली घरेही राहण्यास धोकादायक ठरली. घरांतील गाळ उपसणे, भिजलेल्या गाद्या, अन्नधान्य व फर्निचर यांची विल्हेवाट लावणे यात अनेक आठवडे गेले. शिधापत्रिका, सात-बाराचे उतारे, बँक पासबुके व शाळेचे दाखले नष्ट झाल्याने मदत मिळविताना अडचणी आल्या.

### भूमिहीन, वाटेकरी व स्त्रिया

नुकसानीचा भार सर्वांवर सारखा पडला नाही. पीक नुकसानीची भरपाई जमिनीच्या अभिलेखांवर आधारित असल्याने, ज्यांचे नाव सात-बारावर नाही असे वाटेकरी व खंडाने जमीन कसणारे शेतकरी प्रत्यक्ष नुकसान सोसूनही तिला मुकण्याची शक्यता असते. शेतमजुरांचे पीक बुडाले नाही, परंतु भांगलण, आंतरमशागत व काढणी यांची कामे नाहीशी झाल्याने त्यांची मजुरी बुडाली. या हानीचा पंचनामा होत नाही. वीटभट्टी कामगार, कुंभार, यंत्रमाग कामगार व लहान दुकानदार यांचीही स्थिती अशीच होती. २ सप्टेंबर रोजी येणाऱ्या गणेश चतुर्थीसाठी तयार केलेल्या मूर्ती भिजल्याने कोल्हापूर परिसरातील कुंभार व्यावसायिकांचा वर्षाचा मुख्य हंगाम हातचा गेला.

स्त्रियांवर पुराचा दुहेरी ताण आला. निवारा केंद्रांत स्वच्छतागृहे व खासगीपणा यांचा अभाव जाणवला आणि घरी परतल्यावर साफसफाई, पाणी भरणे व आजारी माणसांची देखभाल यांचा भार त्यांच्यावरच पडला. बचत गट व सूक्ष्म वित्तसंस्थांकडून कर्जे घेतलेल्या अनेक महिलांना हप्ते भरणे अशक्य झाले. पुरानंतरच्या महिन्यांत कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांत सूक्ष्म वित्तसंस्थांच्या वसुलीविरोधात महिलांनी मोर्चे काढले.

### आरोग्य व शिक्षण

विहिरी, कूपनलिका व नळपाणी योजना दूषित झाल्याने अतिसार, कावीळ व लेप्टोस्पायरोसिस यांचा धोका निर्माण झाला. गाळात पायाला होणाऱ्या जखमा, त्वचारोग व सर्पदंश हेही नित्याचे धोके होते. आरोग्य विभागाने पाण्याचे शुद्धीकरण, धूरफवारणी व वैद्यकीय पथके यांद्वारे साथ रोखण्याचे प्रयत्न केले. घर, पीक व जनावरे एकाच वेळी गमावलेल्या कुटुंबांत मानसिक आघाताची लक्षणेही दिसून आली.

शाळांचा वापर निवारा केंद्रे म्हणून करण्यात आल्याने, तसेच अनेक शाळांत पाणी शिरल्याने अध्यापन बंद राहिले. पाठ्यपुस्तके, वह्या व शालेय अभिलेख नष्ट झाले.

## बचाव व मदतकार्य

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, राज्य आपत्ती प्रतिसाद दल, भूदल, नौदल, वायुदल व तटरक्षक दल यांच्या पथकांनी बोटी व हेलिकॉप्टर यांच्या साहाय्याने बचावकार्य केले. कोल्हापूरच्या व्हाइट आर्मीसारख्या स्वयंसेवी संस्था, तसेच स्थानिक तरुण मंडळे यांचा त्यात मोठा वाटा होता. पूरग्रस्त गावांत पारंपरिक नावांबरोबरच गुऱ्हाळावरील गूळ शिजविण्याच्या काहिलींचाही होडीसारखा वापर करण्याची जुनी रीत आहे.

राज्याच्या सर्व भागांतून अन्नधान्य, कपडे, चारा व औषधे यांची मदत आली. मदतीचे वाटप मात्र असमान होते. महामार्गालगतच्या गावांत साहित्याचे ढीग साचले, तर आतल्या वाड्या-वस्त्यांपर्यंत ते उशिरा पोहोचले.

## नुकसानभरपाई

त्या वेळी लागू असलेल्या आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांनुसार ३३ टक्क्यांहून अधिक पीक नुकसानीस मदत देय होती. त्यांतील प्रमुख दर पुढीलप्रमाणे होते:

- कोरडवाहू पिके: हेक्टरी ६,८०० रुपये
- बागायती पिके: हेक्टरी १३,५०० रुपये
- बहुवार्षिक पिके: हेक्टरी १८,००० रुपये
- शेतातील गाळ काढणे: हेक्टरी १२,२०० रुपये
- दुभते मोठे जनावर: ३०,००० रुपये
- शेळी अथवा मेंढी: ३,००० रुपये
- पूर्णतः नष्ट झालेले घर (सपाट प्रदेश): ९५,१०० रुपये
- मृताच्या वारसास: ४ लाख रुपये

याशिवाय राज्य शासनाने बाधित कुटुंबांना ग्रामीण भागात १०,००० रुपये व शहरी भागात १५,००० रुपये सानुग्रह मदत जाहीर केली. घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली असण्याच्या अटीवर तीव्र टीका झाली. ऑगस्टमधील मंत्रिमंडळ निर्णयानुसार एक हेक्टरपर्यंतच्या बाधित पिकावरील पीक कर्ज माफ करण्याचे, तर कर्ज न घेतलेल्या शेतकऱ्यांना नेहमीच्या दराच्या तिप्पट भरपाई देण्याचे ठरले. राज्याने केंद्र शासनाकडे एकूण ६,८१३ कोटी रुपयांची मागणी केली; त्यांपैकी ४,७०८ कोटी रुपये कोल्हापूर, सांगली व सातारा या जिल्ह्यांसाठी होते.

## अलमट्टी वाद व वडनेरे समिती

कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या फुगवट्यामुळे सांगली–कोल्हापूरला पूर येतो, असा आक्षेप २००५ पासून घेतला जातो. या धरणाची पाणीसाठ्याची पातळी ५१९.६० मीटर असून ती ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढविण्यास कृष्णा पाणी तंटा लवादाने (ब्रिजेशकुमार लवाद) २०१० मध्ये मान्यता दिल्याने या वादास धार आली. २०१९ च्या पुरात महाराष्ट्राच्या विनंतीनंतर अलमट्टीतून होणारा विसर्ग पाच लाख घनफूट प्रतिसेकंदांपर्यंत वाढविण्यात आला.

पुराच्या अभ्यासासाठी राज्य शासनाने ऑगस्ट २०१९ मध्ये निवृत्त जलसंपदा सचिव नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने मे २०२० मध्ये अहवाल सादर केला. अतिवृष्टी व नदीकाठची अतिक्रमणे यांवर भर देताना समितीने पुरासाठी अलमट्टी धरण कारणीभूत नसल्याचा निष्कर्ष काढला. पूररेषांची कठोर अंमलबजावणी व तत्काळ पूर अंदाज यंत्रणा यांची आवश्यकताही अहवालात मांडण्यात आली. अलमट्टीविषयीचा निष्कर्ष पूरग्रस्त भागातील अनेक कार्यकर्त्यांनी व शेतकरी संघटनांनी मान्य केला नाही.

## पुनर्वसनाचा प्रश्न

पूरग्रस्त गावांच्या कायमस्वरूपी पुनर्वसनाचा प्रश्न जुना आहे. चिखली व आंबेवाडी येथील ग्रामस्थांना १९८९ च्या पुरानंतर सोनतळी येथे भूखंड देण्यात आले होते. तरीही जुनी गावे नांदती राहिली. शेती, गोठा व पाण्याची सोय मूळ गावालगत असल्याने नव्या वसाहतीत राहून रोज शेतावर जाणे अनेकांना परवडत नाही. कुटुंबे वाढल्याने पूर्वी मिळालेली जागाही अपुरी पडते. केवळ घरासाठी जागा दिल्याने गावाचे स्थलांतर होत नाही, हे या उदाहरणातून स्पष्ट होते.

नदीशी असलेले सांस्कृतिक नातेही स्थलांतराच्या आड येते. नृसिंहवाडीच्या दत्त मंदिरात कृष्णेचे पाणी पादुकांवरून वाहत दक्षिण दारातून बाहेर पडते, तेव्हा ‘दक्षिणद्वार सोहळा’ साजरा होतो व त्या वेळी स्नान पवित्र मानले जाते. नदीकाठच्या लोकजीवनात मर्यादित पूर हा सुपीक गाळ आणणारा व स्वागतार्ह समजला जातो. २००५ व २०१९ च्या महापुरांनी या समजुतीला धक्का दिला.

## नंतरच्या घडामोडी

जुलै २०२१ मध्ये या खोऱ्यास पुन्हा महापूर आला. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी २०१९ पेक्षाही वर, ५६ फुटांपलीकडे गेली. या वेळी अनेक गावांनी इशारा मिळताच जनावरांसह स्थलांतर केले. मात्र पिके, जमीन व घरे यांची हानी टळली नाही. पहिल्या पुरातील कर्ज फिटण्यापूर्वीच दुसरा पूर आल्याने अल्पभूधारकांची आर्थिक घडी पुन्हा विस्कटली. कृष्णा खोऱ्यातील पुराचे जादा पाणी दुष्काळी भागाकडे वळविण्याची योजना, धरणांतील विसर्गाबाबत महाराष्ट्र व कर्नाटक यांच्यातील समन्वय आणि पूररेषेतील बांधकामांवरील नियंत्रण हे विषय त्यानंतर प्रत्येक पावसाळ्यात चर्चेत राहिले आहेत.

## हेही पहा

- कृष्णा नदी
- पंचगंगा नदी
- अलमट्टी धरण
- कोयना धरण
- कृष्णा पाणी तंटा लवाद
- शिरोळ तालुका